भार, उष्णता आणि तडा : विमानासाठी मिश्रधातूंची निवड (प्रस्तावना)

विमानाच्या भागांसाठी धातू निवडणे म्हणजे उपलब्ध धातूंपैकी सर्वांत बळकट धातू शोधून काढणे, अशी समजूत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांमध्येही बरीच रूढ आहे, आणि पाठ्यपुस्तकांच्या शेवटी जोडलेली गुणधर्मांची कोष्टके ती अधिकच पक्की करतात. कारण त्या कोष्टकांत प्रत्येक मिश्रधातूसमोर ताणबलाचा, घनतेचा आणि वितळणबिंदूचा एकेक आकडा मांडलेला असतो व त्यांतला सोयीचा आकडा उचलला की काम झाले असे वाटू लागते. प्रत्यक्षात एकाच प्रवासी विमानात 11 किलोमीटर उंचीवरच्या, उणे 56 अंश सेल्सिअसच्या आसपास असलेल्या हवेत वाकत राहणारा पंखाचा पत्रा असतो, धावपट्टीवर टेकण्याच्या क्षणी साऱ्या विमानाचा धक्का झेलणारे चाकांचे खांब असतात, आणि स्वतःच्या वितळणबिंदूपेक्षाही अधिक तापलेल्या वायूच्या झोतात मिनिटाला हजारो फेरे घेणारे टर्बाइनचे पाते असते. या तिन्ही भागांना बळकटी हवीच असते, पर��तु त्यांना निकामी करणारी कारणे इतकी वेगळी आहेत की बळकटी या एकाच मापाने त्यांची तुलना होऊ शकत नाही. म्हणून या विषयाच्या अभ्यासाची सुरुवात एका निराळ्या प्रश्नापासून करणे योग्य ठरते : हा भाग शेवटी कशामुळे निकामी होईल, आणि तसे होण्यापूर्वी ते कोणाच्या लक्षात येऊ शकेल काय?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी वजनाचा हिशेब समजून घेतला पाहिजे. धातूचा ताठपणा, म्हणजे भार आला असता न लवण्याची क्षमता, स्थितिस्थापकता गुणांकाने मोजतात. पोलादाचा गुणांक सुमारे 205 गिगापास्कल, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा 114, तर ॲल्युमिनियमचा 71 असतो. पोलाद या बाबतीत फार पुढे दिसते. परंतु हेच आकडे घनतेने भागले, म्हणजे अनुक्रमे 7.85, 4.43 आणि 2.8 यांनी, तर तिन्ही उत्तरे 25 ते 26 च्या घरात येतात, आणि मॅग्नेशियमही त्याच ओळीत जाऊन बसते. निव्वळ ओढल्या जाणाऱ्या दांड्यासाठी, ताठपणापुरते बोलायचे तर, यांपैकी कोणताही धातू घेतला तरी वजन जवळपास तेवढेच भरते. फरक पडतो तो आकारामुळे. पत्रा वाकवायचा झाल्यास त्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे हलक्या धातूचा जाड पत्रा जड धातूच्या पातळ पत्र्यापेक्षा सरस ठरतो. गणित मांडून पाहिले तर सारख्याच ताठपणाचा ॲल्युमिनियमचा पत्रा पोलादी पत्र्याच्या साधारण निम्म्या वजनात होतो. विमानाचे अंग बहुतांशी पत्र्याचेच असल्यामुळे ॲल्युमिनियमने गेली सुमारे शंभर वर्षे तेथे जो अंमल गाजवला त्यामागचे मोठे कारण हे आहे. भाराचा प्रकार आणि भागाचा आकार पाहून गुणधर्मांचे योग्य गुणोत्तर ठरवण्याची ही पद्धत केंब्रिज विद्यापीठाचे मायकेल ॲशबी यांनी आलेखांच्या रूपाने सुव्यवस्थित केली, आणि आज धातुनिवडीचा कोणताही गंभीर अभ्यासक्रम तिच्याशिवाय पुढे जात नाही.

शुद्ध ॲल्युमिनियम मात्र इतके मऊ असते की त्याचे विमान होणे शक्य नाही. त्याला बळ कसे येते याचा शोध आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुवैज्ञानिकाला 1906 मध्ये बर्लिनजवळ लागला. सुमारे 4 टक्के तांबे आणि थोडे मॅग्नेशियम मिसळलेले ॲल्युमिनियम तापवून, पोलादाला देतात तसे पाणी देऊन त्याने ते पाहिले, तेव्हा ते फारसे कठीण झालेले नव्हते. परंतु नुसते ठेवून दिलेले तेच तुकडे काही दिवसांनी पुन्हा मोजले असता बरेच कठीण झालेले आढळले. यालाच पुढे वयोवर्धन म्हणू लागले, आणि ड्युरेन येथील कारखान्यात तयार होऊ लागलेल्या या धातूला ड्यूरॅल्युमिन हे नाव मिळाले. असे का घडते हे 1938 मध्ये फ्रान्सचे आंद्रे गिनिए आणि इंग्लंडचे जॉर्ज प्रेस्टन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने स्वतंत्रपणे दाखवून दिले : पाणी दिल्यामुळे ॲल्युमिनियमच्या स्फटिकांत कोंडून राहिलेले तांब्याचे अणू हळूहळू एकत्र येऊन, साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसणार नाहीत इतके लहान पुंजके तयार करतात, आणि स्फटिकाचे थर एकमेकांवरून घसरू लागले की हे पुंजके त्यांना अडवतात. विमाने वर्षानुवर्षे उडत राहिली आणि त्यांच्या धातूला बळ कोठून येते हे त्यानंतर कळले, ही गोष्ट या शास्त्राच्या इतिहासात अपवादात्मक मानता येत नाही.

पुंजक्यांच्या या कहाणीतून पुढे दोन कुळे वाढली. तांब्यावर आधारलेल्या कुळातील 2024 ही मिश्रधातू 1930 च्या दशकाच्या आरंभी आली, आणि जस्त व मॅग्नेशियमवर आधारलेल्या कुळातील 7075 ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आली. तिच्या आधी जपानमध्ये सुमितोमो कंपनीने त्याच जातीची मिश्रधातू सिद्ध केली होती आणि ती झीरो या लढाऊ विमानात वापरलीही गेली होती. ताणबल पाहिले तर 2024 चे सुमारे 480 मेगापास्कल आणि 7075 चे सुमारे 570 मेगापास्कल भरते. एक मेगापास्कल म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर एक न्यूटन, म्हणजे साधारण 100 ग्रॅम वजनाइतका भार. तरीही प्रवासी विमानांच्या पंखांत अनेक दशके वरचा पत्रा 7075 च्या कुळातला आणि खालचा पत्रा 2024 च्या कुळातला अशी विभागणी चालत आली आहे. उड्डाणात पंख वर उचलला जातो, त्यामुळे वरचा पत्रा दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. दाबात तडा उघडत नाही, म्हणून तेथे अधिक बळ देणारा धातू चालतो. ताणात मात्र प्रत्येक उड्डाणागणिक तडा किंचित वाढतो, आणि 2024 मध्ये तो अधिक सावकाश वाढत असल्यामुळे तपासणीत सापडण्यास अवधी मिळतो. बळाचा आकडा कमी असलेल्या धातूला केवळ तडा सोसण्याच्या गुणावर ही जागा मिळालेली आहे.

7075 चा इतिहास आणखी एका कारणाने बारकाईने पाहण्यासारखा आहे. कमाल बळ देणाऱ्या टी-6 या उष्णोपचारात तयार झालेल्या जाड ठोकळ्यातून जेव्हा भाग कोरून काढले गेले, तेव्हा काही भागांना, बाहेरचा भार फारसा नसतानाही, आर्द्र हवेत काही महिन्यांनी तडे गेले. ठोकळा लाटताना धातूचे कण, म्हणजे त्याचे सूक्ष्म स्फटिक, लांबट व चपटे होतात, त्यामुळे जाडीच्या दिशेने ओढ बसली की कणांच्या सीमांवरून तडा सहज सरकतो, आणि ओलावा त्याला मदत करतो. ताण आणि क्षरण यांच्या या संयुक्त क्रियेला ताण-क्षरण म्हणतात. त्यावर उपाय म्हणून टी-73 हा उपचार आला, ज्यात धातूला कमाल बळाच्या पुढे मुद्दाम अधिक पक्व होऊ देतात आणि 10 ते 15 टक्के बळ सोडून देऊन तडे टाळतात. रासायनिक घटक तेच, नाव तेच, पण उपचार वेगळा, आणि ठोकळ्यातून भाग कोणत्या दिशेने कोरला हेही वेगळे. अशा दोन भागांना एकाच मिश्रधातूचे म्हणणे कागदोपत्री बरोबर असले तरी निवड करणाऱ्यासाठी ते दोन वेगळे पदार्थ आहेत. मिश्रधातूच्या नावासोबत उपचार, जाडी, दिशा आणि पृष्ठभागाची स्थिती ही चार विशेषणे जोडल्याखेरीज तिच्याविषयी बोलू नये, असा नियम प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या दिवसापासून पाळला तर पुढचे बरेच गोंधळ टळतील.

शिणवटा, म्हणजे एका वेळेस सहज सोसता येणारा भार पुन्हापुन्हा आल्याने धातूत तडा जन्मून वाढणे, याचे गांभीर्य विमानविद्येला कॉमेटने शिकवले. डी हॅविलँड कंपनीचे हे जेट प्रवासी विमान 1952 मध्ये सेवेत आले, आणि 10 जानेवारी 1954 रोजी एल्बा बेटाजवळ व 8 एप्रिल 1954 रोजी नेपल्सच्या दक्षिणेस अशी दोन विमाने हवेतच फुटली. फार्नबरो येथे एका कॉमेटचे धड पाण्याच्या टाकीत बुडवून त्यात उड्डाणागणिक बदलणारा दाब पुन्हापुन्हा भरला व सोडला गेला, तेव्हा आधीच्या प्रत्यक्ष उड्डाणांसह 3,000 हून थोड्या अधिक फेऱ्यांनंतर ते खिडकीच्या एका कोपऱ्यापासून फाटले. या प्रकरणातील सर्वांत बोधप्रद भाग मात्र त्यापूर्वीच्या चाचणीचा आहे. कंपनीने स्वतः धडाच्या एका भागावर शिणवट्याची चाचणी घेतली होती आणि तो 15,000 हून अधिक फेऱ्या टिकला होता. परंतु त्याच नमुन्यावर आधी बळाची चाचणी म्हणून नेहमीच्या दुप्पट दाब दिलेला होता. त्या जादा दाबाने खिडक्यांच्या कोपऱ्यांतील धातू किंचित कायमचा ताणला गेला, आणि दाब उतरल्यावर तेथे उलट, दाबणारा ताण शिल्लक राहून तडे रोखले गेले. चाचणी प्रामाणिकपणे घेतलेली होती, तरीही तिने तपासलेला धातू आणि आकाशात उडणारा धातू यांचा पूर्वेतिहास एक नव्हता.

टायटॅनियमची ओळख त्या मानाने थोडक्यात करून देता येते, कारण येथे एकाच मिश्रधातूचे राज्य आहे. 6 टक्के ॲल्युमिनियम आणि 4 टक्के व्हॅनेडियम असलेली ही मिश्रधातू 1950 च्या दशकात अमेरिकेत सिद्ध झाली. तिचे ताणबल 900 मेगापास्कलच्या वर असून घनता पोलादाच्या निम्म्याहून थोडीच अधिक आहे, आणि साधारण 300 ते 350 अंशांपर्यंत ती विश्वासाने वापरता येते. अन्य घटकांनी ही मर्यादा 600 अंशांच्या आसपास नेता येते, पण त्यापुढे टायटॅनियम हवेतील ऑक्सिजन शोषून पृष्ठभागी ठिसूळ होते, आणि इंजिनात घर्षणाने पेट घेण्याचा धोकाही राहतो. शोषून घेण्याची हीच ओढ वितळवतानाही नडते. 19 जुलै 1989 रोजी अमेरिकेतील सू सिटी येथे युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-10 कोसळून शंभरांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, त्याचे मूळ इंजिनाच्या पंख्याच्या चकतीतील एका सूक्ष्म जागी सापडले, जेथे वितळवताना नायट्रोजन मुरून काचेसारखा कठीण व ठिसूळ कण तयार झाला होता. चकतीची मिश्रधातू योग्यच निवडलेली होती. 1971 मध्ये तयार झालेल्या त्या धातूला निर्वातात दोनदा वितळवले होते. पुढे फिरत्या भागांसाठी तिबार वितळवणे, आणि आणखी पुढे थंड तळाच्या भट्टीत धातू वाहता ठेवून असे कण विरघळू किंवा तळाशी बसू देणे, या रीती रूढ झाल्या. धातू वितळवण्याची रीत हा निवडीचाच भाग आहे, हे त्या अपघाताने सर्वांना मान्य करायला लावले.

चाकांच्या खांबांसाठी अजूनही अतिबलवान पोलाद वापरतात, कारण विमानाच्या पोटात जागा थोडी असते आणि थोड्या जाडीत सर्वाधिक भार पेलणारा धातूच तेथे मावतो. 300-एम या पोलादाचे ताणबल 1,900 मेगापास्कलच्या वर जाते. पण इतक्या बलवान पोलादात हायड्रोजनचे थोडेसे अणू शिरले तरी ते अचानक, कोणतीही पूर्वसूचना न देता तुटते, आणि गंज टाळण्यासाठी कॅडमियमचा मुलामा चढवतानाच तो हायड्रोजन आत शिरतो. म्हणून मुलाम्यानंतर लगेच भाग सुमारे 190 अंशांवर जवळपास दिवसभर तापवून ठेवावा लागतो. बोइंग 777 च्या चाकांच्या आडव्या तुळईसाठी टायटॅनियमची निवड झाली त्यामागे वजनाइतकाच हा क्षरणाचा व ठिसूळपणाचा विचारही होता.

इंजिनाच्या उष्ण भागात आल्यावर मात्र विषयाचे सर्वांत समृद्ध दालन उघडते. तेथे निकेलचे अधिराज्य आहे. दुसऱ्या महायुद्धात फ्रँक व्हिटल यांच्या जेट इंजिनासाठी ब्रिटनमध्ये निमॉनिक 80 ही मिश्रधातू तयार झाली, आणि तेव्हापासून आजवरच्या जवळजवळ सर्व टर्बाइन पात्यांचे मूळ सूत्र एकच राहिले आहे : निकेलच्या स्फटिकात ॲल्युमिनियम व टायटॅनियम घालून, तीन निकेल अणूंमागे एक ॲल्युमिनियम अणू अशी शिस्तबद्ध रचना असलेले, गॅमा प्राइम नावाचे सूक्ष्म घन त्यात उगवू द्यायचे. बहुतेक धातू तापले की मऊ पडतात; गॅमा प्राइमचे बळ उलट सुमारे 800 अंशांपर्यंत तापमानासोबत वाढत जाते, कारण अणूंच्या शिस्तीमुळे जोडीने सरकणारे स्फटिकदोष उष्णतेत एकमेकांत अडकून बसतात. आधुनिक पात्यात असे घन निम्म्याहून बरीच अधिक जागा व्यापतात आणि एकेक घन मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाइतका असतो.

पात्याचा खरा शत्रू म्हणजे क्रीप, अर्थात अति उष्णतेत स्थिर भाराखाली धातूचे तासन्तास, किंचित किंचित लांबत जाणे. पाते फिरताना त्याला बाहेर खेचणारा भार काही टनांचा असतो, आणि लांबलेले पाते आवरणाला घासते. हे लांबणे प्रामुख्याने कणांच्या सीमांवर घडते, म्हणून त्या सीमाच काढून टाकाव्यात, ही कल्पना 1960 च्या दशकात प्रॅट अँड व्हिटनी कंपनीत आकाराला आली. मेणाच्या नमुन्यावर चिनी मातीसारखा साचा चढवून, मेण वितळवून काढून, त्या पोकळीत निर्वातात धातू ओततात. साच्याचा तळ पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या पाटावर असतो, आणि साचा भट्टीतून मिनिटाला अवघे काही मिलिमीटर या गतीने खाली उतरवतात. तळाशी अनेक स्फटिक उगवू लागतात, परंतु वरच्या पोकळीकडे जाणारी वाट डुकराच्या शेपटीसारखी वळणावळणाची, अरुंद केलेली असते; त्या वळणातून एकच स्फटिक पार होतो आणि तोच वाढून सारे पाते व्यापतो. पुढे त्यात 3 टक्के, काही मिश्रधातूंत 6 टक्के रेनियम घालण्यात आले. रेनियम क्रीप फार परिणामकारकपणे मंदावते, पण ते तांब्याच्या खाणीतून मिळणाऱ्या मॉलिब्डेनमच्या खनिजाचे उपउत्पादन असून पृथ्वीच्या कवचात अत्यंत विरळ आहे. त्यामुळे त्याचे प्रमाण कमी करूनही तोच टिकाऊपणा मिळवण्याचे प्रयत्न इंजिन कंपन्यांना करावे लागले. मिश्रधातू साधारण 1,300 ते 1,350 अंशांना वितळू लागते आणि वायू त्याहून अधिक तप्त असतो, तेव्हा पाते आतून पोकळ ठेवून त्यात हवा खेळवतात, आणि वर झिर्कोनियाचा उष्णतारोधक लेप देतात. धातू, पोकळी आणि लेप यांची निवड वेगवेगळी करताच येत नाही.

ज्या चकतीत ही पाती बसवलेली असतात, तिची गरज मात्र नेमकी उलटी असते. चकती गाभ्याशी तितकी तापत नाही, पण प्रत्येक उड्डाणात तिच्यावर प्रचंड भार चढतो आणि उतरतो, म्हणून तिला क्रीपपेक्षा शिणवट्याचे भय अधिक. आणि शिणवट्यापुढे बारीक कणांचा धातू टिकतो. एकाच निकेलच्या कुळातून पात्यासाठी कणसीमा नसलेला आणि चकतीसाठी अतिबारीक कणांचा धातू निवडावा लागतो. चकत्यांसाठी सर्वाधिक वापरली गेलेली इन्कोनेल 718 ही मिश्रधातू अमेरिकेतील हंटिंग्टन येथे हर्बर्ट आयझेलस्टाइन यांनी सिद्ध केली. तिच्यातील बळ देणारे कण निओबियमचे असून ते सावकाश तयार होतात, त्यामुळे ती जोडताना तडकत नाही. पण सुमारे 650 अंशांपुढे तेच कण दुसऱ्या, निरुपयोगी रूपात बदलतात. त्याहून तप्त चकत्यांसाठी धातूची पूड दाबून व घडवून चकती करतात, आणि तेथे पुडीत शिरलेला परक्या पदार्थाचा एक कणही सू सिटीसारखा तडा सुरू करू शकतो. 2023 मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या गिअर-टर्बोफॅन इंजिनांच्या पुडीपासून केलेल्या चकत्यांत दूषित पूड आढळल्याने जगभरची शेकडो विमाने तपासणीसाठी उतरवावी लागली.

या सर्व विवेचनात येणारे बळाचे आकडे सरासरीचे आहेत, आणि आरेखनात सरासरी वापरली जात नाही, हेही आरंभीच सांगितले पाहिजे. ज्या भागाच्या तुटण्याने सारी रचनाच कोसळेल त्याच्यासाठी जो आकडा घेतात, त्याच्याहून 99 टक्के नमुने सरस असतील असे 95 टक्के विश्वासाने म्हणता यावे लागते. भार दुसऱ्या वाटेने वाहून जाऊ शकत असेल तर 90 टक्के पुरतात. असा आकडा मिळवण्यासाठी वेगवेगळ्या भट्ट्यांच्या, वेगवेगळ्या जाडीच्या शेकडो नमुन्यांच्या चाचण्या लागतात, आणि नवी मिश्रधातू प्रयोगशाळेतून विमानात पोहोचायला जी अनेक वर्षे जातात त्यांतली बरीच याच कामात जातात. कार्बन तंतूंच्या संमिश्रांनी बोइंग 787 च्या वजनाचा निम्मा वाटा घेतल्यावर टायटॅनियमचा वाटा घटण्याऐवजी 15 टक्क्यांच्या आसपास पोहोचला, कारण कार्बनला चिकटलेले ॲल्युमिनियम ओलाव्यात झपाट्याने क्षरण पावते आणि टायटॅनियम पावत नाही. पुडीचे थर लेसरने वितळवून भाग छापण्याची नवी रीत आता आली आहे, आणि तिने हा आकड्यांचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून उभा केला आहे. कारण तेथे धातू आणि भाग एकाच वेळी जन्मतात, आणि यंत्र बदलले की धातूही बदलतो.

भारताच्या संदर्भात हा विषय पुस्तकी राहिलेला नाही. नाशिकजवळ ओझर येथे 1964 पासून हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग आणि पुढे सुखोई-30 एमकेआय विमाने बांधली गेली, परंतु लढाऊ विमान बांधता येणे आणि त्याचा धातू स्वतः घडवता येणे यांत फार मोठे अंतर आहे, आणि ते अंतर कमी करण्याचे काम मुख्यतः हैदराबादेत झाले. तेथे 1973 मध्ये मिश्र धातू निगम स्थापन झाला. तेथीलच संरक्षण धातुकर्म संशोधन प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञानावर केरळमधील चवरा येथे टायटॅनियम स्पंजचा, म्हणजे खनिजापासून मिळणाऱ्या सच्छिद्र धातूचा, कारखाना 2011 मध्ये सुरू झाला. तेथील किनाऱ्याच्या काळ्या वाळूत जे इल्मेनाइट हे टायटॅनियमचे खनिज असते, ते रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. 2021 मध्ये त्याच प्रयोगशाळेने एकस्फटिकी पात्यांचा एक संच हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी सुपूर्द केला, आणि 2,000 टनी दाबयंत्रावर, साचा व धातू जवळजवळ सारख्याच तापमानाला ठेवून, ॲडूर या जेट इंजिनाच्या उच्चदाब संपीडकाच्या पाचही टप्प्यांच्या टायटॅनियम चकत्या घडवून दाखवल्या. या यशाचे मोल मोठे आहे. मात्र एक संच यशस्वी होणे आणि भट्टीमागून भट्टी, वर्षानुवर्षे तोच धातू निघत राहणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीसाठी लागणाऱ्या हजारो चाचण्या, त्यांच्या नोंदी आणि त्या नोंदी चिकाटीने ठेवणारी माणसे भारतीय कारखान्यांत व महाविद्यालयांत तयार व्हावी लागतील, आणि मराठीतून हा विषय शिकू पाहणाऱ्या तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांना त्या कामात प्रत्यक्ष जागा आहे : नमुना कोणत्या ठोकळ्यातून, कोणत्या दिशेने कापला, त्याला कोणता उपचार मिळाला आणि तो कोठून तुटला, हे अचूक लिहून ठेवण्याच्या कामात.